होडीवाला आणि सोनमची आई

आमच्या घरात एक परका पुरुष शिरला तो गेल्या दिवाळीनंतर. तो फिलिपिन्सचा होता आणि होडी वल्हवायचा. त्याचं नाव काय, वय काय, काही कळायला मार्ग नव्हता. माझ्या बायकोनं त्याला स्वयंपाकघरात आणून बसवला आणि पुढचे तीन महिने तो तिथून हलला नाही.

बायकोचं नाव वच्छला. मी तिला सोनमची आई म्हणतो. आता चौपन्न वर्षांची आहे. माहेर अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि माणसं अशी की मराठीत भांडण सुरू करून कानडीत संपवतील. तिथल्या शाळेत ती दहावी झाली, पास झाली, आणि मग तीन वर्षं मेंढरांमागं फिरली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कुर्डुवाडीला आली. मी तिथं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आम्हाला क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि पुढं एक कडुनिंब. तिथंच सोनम झाली, दिग्विजय झाला. पोरं शिकायला लागली तशी ही त्यांची पुस्तकं वाचायला लागली. पोरगी बारावीला बसली त्या वर्षी हिनं मला न विचारता सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि पोरीबरोबर बारावी पास झाली. पोरीपेक्षा चार टक्के कमी पडले म्हणून आठ दिवस तोंड पाडून बसली होती.

मी रिटायर झाल्यावर आम्ही जुळे सोलापूरला घर घेतलं. तोवर तिचं बी. ए. झालेलं होतं. आता ती इंग्रजी घेऊन एम. ए. करते. दर रविवारी अभ्यासकेंद्रात तास असतात. मी तिला स्कूटरवरून सोडतो, बाहेर चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसतो आणि घेऊन येतो. भेटेल त्याला सांगतो की आमची मिसेस एम. ए. करतेय. खोटं कशाला बोलू, मला अभिमान आहे.

एवढं शिकली तरी काही गोष्टी मात्र तिच्या माहेरच्या वळणाच्याच राहिल्या. बँकेत गेलो आणि पलीकडच्या मुलीनं "नवऱ्याचं नाव?" विचारलं, तर ही आधार कार्ड पुढं सरकवते. लिहून देईल, पण तोंडानं उच्चारणार नाही. पस्तीस वर्षांत एकदाच घेतलंय, लग्नात, उखाण्यात, तेही इतकं हळू की माझ्या मामीनं दोनदा विचारलं. सोनम चिडवते, "मम्मी, शेक्सपिअर वाचतेस आणि पप्पांचं नाव घेत नाहीस." ही म्हणते, "त्येचा ह्येचा काय संबंध?"

तर तो होडीवाला. आशियातल्या कथांचा एक पेपर होता, त्यात फिलिपिन्सची एक कथा होती. एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं ती मला सांगितली. एका लहानशा बेटावर एक मास्तरीण असते. दर शनिवारी तिला पलीकडच्या गावी जायचं असतं, कारण तिथल्या पोस्टात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं पत्र आलेलं असतं. हा गडी तिला होडीतून नेतो, आणतो. होडीतली बसायची फळी कायम ओली असते. ती यायच्या आधी हा त्या फळीवर एक धुतलेलं, कोरडं फडकं घडी करून ठेवतो. ती त्यावर बसते, पत्र वाचत परत येते. असं वर्षानुवर्षं चालतं. हा एका शब्दानं बोलत नाही. शेवटी लग्नाची तारीख ठरते आणि ती बेट सोडून जाते. पुढं केव्हातरी दुसऱ्याच गावी ती दुसऱ्याच होडीत पाय ठेवते, तर फळी ओली. ती होडीवाल्याला विचारते, "फडकं कुठाय?" तो म्हणतो, "कसलं फडकं?" इथं कथा संपते.

"म्हंजे तिला वाटायचं, होडीत फडकं असतंच," ती म्हणाली.

"आन् ह्यो?" मी म्हणालो. "ह्येला बोलायला काय झालं व्हतं? तोंड शिवलं व्हतं का?"

तिनं शेंगा सोलायचं थांबवलं. "बोलायचं त्यानंच का? तिला डोळं नव्हतं?"

एवढ्या तावातावानं ती माझ्याशी घराच्या रंगावरूनही भांडली नव्हती. मी एक शेंग उचलून सोलायला लागलो. पण त्या दिवसापासून बघत होतो की भाकरी थापताना होडीवाला, कपडे वाळत घालताना होडीवाला. एकदा वही पुढ्यात घेऊन बसली होती आणि डोळे पुसत होती. मी कांदा शोधला, कुठं नव्हता. माझा बाप वारला तेव्हा ती रडली होती, ते मी समजू शकतो. फिलिपिन्सच्या एका वल्हं मारणाऱ्यासाठी माझ्या घरात डोळ्यांतून पाणी काढायचं, हे काही मला पटलं नाही. तिनं सकाळी चहा दिला तर मी म्हणालो, "आदी त्येला दे." ती हसली. मला वाटलं होतं चिडेल.

इथपर्यंत थट्टा होती. खरी आग पुढं लागली.

शेजारच्या गल्लीत प्रियंका नावाची मुलगी राहते, शाळेत शिकवते आणि हिच्याबरोबरच एम. ए. करते. दोघी फोनवर अभ्यास करतात. त्या दिवशी मी गॅलरीत दाढी करत होतो आणि आत हिचा फोन चालू होता. ती म्हणाली, "व्हय गं, म्हनूनच रडू येतंया. माजंबी तसंच झालं की. अकरा वर्षं. माज्याकडनं सगळं, आन् समोरच्याला पत्ताच न्हाय." मग हसून म्हणाली, "नाव नगं विचारू बाई. नाव न्हाय घेत."

माझा हात तिथंच थांबला. अर्धी दाढी झाली होती, अर्धी राहिली होती. मी आरशात बघत उभा राहिलो. बासष्ट वर्षांचा माणूस, एका गालाला फेस, आणि बायकोचं अकरा वर्षांचं प्रेम त्याला गॅलरीत कळतंय. उरलेली दाढी केली तेव्हा दोन ठिकाणी कापलं.

अकरा वर्षं. मी दिवसभर तोच आकडा घोळवत होतो. लग्नाआधीचंच असणार, कारण लग्नानंतर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. लग्नाआधी अकरा वर्षं एकाच माणसाच्या आसपास कुठं होती? शाळेत. दहावीपर्यंत दहा वर्षं, आणि बालवाडी धरली तर अकरा बरोबर भरतात. एवढं जुळल्यावर माझी नजर थेट तिच्या डिक्शनरीवर गेली.

ती डिक्शनरी लग्नात तिच्या ट्रंकेतून आली होती. पाठीला कापडी पट्टी लावलेली, कोपरे झिजलेले. मोबाइलवर सगळे अर्थ मिळतात तरी ही तीच उघडते. पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव आहे: शिवपुत्र. मला ते पस्तीस वर्षं माहीत होतं. लग्नानंतर एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, "आमच्या वर्गातला व्हता. त्यानं दिली." तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, कारण मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, अंगात रग होती, आणि डिक्शनरीत मला काडीचा रस नव्हता. आता ते नाव बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं तो माझ्या घरात, माझ्या फळीवर, माझ्या देवाच्या फोटोखाली राहत होता.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी ती डिक्शनरी पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत टाकली. ती दोन दिवस शोधत होती. "अवो, माजी डिक्शनरी बगितली का?" "मला काय करायचीय तुजी डिक्शनरी." तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोबाइल घेऊन बसली.

त्या आठवड्यात निंगप्पा आला. निंगप्पा म्हणजे वर्कशॉपमधला माझा जोडीदार. वीस वर्षं आम्ही एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. तो आता कुंभारीला राहतो, सोलापुरात काम असलं की डोकावतो. मी त्याला बाहेर ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. तो तोंडावर हात ठेवून हसला.

"मर्दा, ह्या वयात? नातवंडं हायती तुला."

"तुला हसाय येतंय. तुज्या बायकोनं अकरा वर्षं लपवलं असतं म्हंजी कळलं असतं."

"माजी बायको अकरा मिंटं कायबी लपवीत न्हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. निंगप्पा लगेच म्हणाला, "वहिनी, च्या न्हाई दिला तरी चालंल, तुमची ती पुडी तेवढी द्या की. अजून जिबंवर चव हाय." ही म्हणाली, "ती बंद झाली, भावजी. लई वर्षं झाली." आणि आत निघून गेली. मला निंगप्पाचाही राग आला. इथं माझा संसार बुडायला लागलाय आणि ह्याला खायचं सुचतंय.

शेवटी मी शिवपुत्रला बघायला गेलो. हिला सांगितलं, पेन्शनच्या कामाला चाललोय. अक्कलकोटला एस. टी. बदलून तिच्या माहेरच्या गावात उतरलो, सासुरवाडीच्या घराकडं न जाता चौकात विचारलं. खताचं दुकान दाखवलं लोकांनी. रस्ताभर मी त्याला मनात उभा केला होता: उंच, केस मागं फिरवलेले, इंग्रजी बोलणारा. दुकानात गल्ल्यामागं एक टकला, पोट सुटलेला माणूस बसला होता, कानात यंत्र. मी म्हणालो, मी वच्छलाचा मालक.

"यार्री?" तो कानाला हात लावून म्हणाला. कानडीत, कोण म्हणून.

मी वडिलांचं नाव सांगितलं, मेंढरं सांगितली, शाळा सांगितली. त्याला आठवेना. मग मी डिक्शनरी म्हणालो, तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "हां हां, डिक्शनरी. त्येचं असं झालं बगा, मी धाव्वीला इंग्रजीत नापास झालो. बानं बदडलं. मी रागारागानं ती डिक्शनरी हिरीत टाकाय चाललो व्हतो. वाटंत मेंढरं घिऊन एक पोरगी उबी. म्हनली, टाकू नगंस, मला दे. दिली. ती तुमची मिसेस व्हय?" मग त्यानं मला लिंबू सरबत पाजलं, सूर्यफुलाचं नवीन बियाणं दाखवलं, आणि विचारलं की तुमची जमीन किती.

परतीच्या एस. टी.त मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शिवपुत्र निदान दिसत होता, पोटासकट. आता माझ्याकडं नुसती अकरा वर्षं राहिली होती आणि माणूस नव्हता. शत्रू कोण हेच माहीत नसलं म्हणजे सगळ्यांवरच संशय येतो. त्या आठवड्यात मी तिच्या चुलत भावाच्या मेव्हण्यापर्यंत जाऊन पोचलो होतो. झोप उडाली, जेवण जाईना. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: ह्या बाईनं पस्तीस वर्षं माझ्याबरोबर काढली, त्यात तिचा जीव माझ्यावर कधी होता, का तो कुणाकडं ठेवून ती नुसती माझ्या घरी राहायला आली होती?

पुढच्या रविवारी केंद्रात त्याच कथेवर बोलायचं होतं. प्रत्येकानं दहा मिनिटं. तिथले अभिमन्यू सर तरुण आहेत, आमच्या दिग्विजयपेक्षा थोडेच मोठे. त्यांनी प्रश्न दिला होता: होडीवाल्याचं प्रेम वाया गेलं का? आणि सांगितलं होतं की पुस्तकातलं उत्तर नको, आपल्या आसपासचं उदाहरण द्या. मी टपरीवर गेलो नाही. सरांना विचारून मागच्या बाकावर बसलो. हिनं फक्त पदर नीट केला.

आधी प्रियंका बोलली, फाडफाड. मग ही उठली. हातात कागद होता. इंग्रजीत बोलत होती, सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत. माझं इंग्रजी वर्कशॉपच्या कागदांपुरतं, पण ती इतकी सावकाश बोलत होती की मला सगळं कळत होतं. ती म्हणाली, मी एका बाईची गोष्ट सांगते. ती बाई एकोणिसाव्या वर्षी एका रेल्वेच्या गावात आली. तिथं एक माणूस होता, लोखंडाचं काम करणारा.

मी ताठ झालो. म्हणजे शाळा नाही, कुर्डुवाडी. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच वर्कशॉपमधला. मी मनातल्या मनात एकेक जण उभा केला. वेल्डिंगवाले धरले, टर्नर धरले, समोरच्या क्वार्टरमधला तो मिशीवाला सुपरवायझर धरला.

ती पुढं म्हणाली, त्या बाईच्या लक्षात आलं की हा माणूस जेवला की छातीवर मूठ दाबतो. तो कुणाला सांगत नव्हता. तिनं आईला निरोप पाठवून विचारलं. मग दर सोमवारी ती बडीशेप, ओवा आणि धनाडाळ वेगवेगळी भाजायची, त्यात खोबऱ्याचा कीस आणि थोडी खडीसाखर घालायची, आणि रोज सकाळी डब्याच्या वरच्या कप्प्यात एक पुडी बांधून ठेवायची. कागद कोरा घ्यायची, छापील नको, शाई लागते म्हणून. बाळंतपणाचे दिवस सोडले तर एक दिवस चुकवला नाही. अकरा वर्षं.

पुडी.

"अजून जिबंवर चव हाय." ते वाक्य माझ्या कानात वाजलं. पुडी रोज कोण खायचा? निंगप्पा खायचा. मला गोड आवडत नाही, म्हणून मी डबा उघडला की पुडी त्याच्याकडं सरकवायचो. अकरा वर्षं माझ्या डब्यातून, माझ्याच हातानं, माझ्या बायकोचं प्रेम त्याच्याकडं जात होतं, आणि तो परवा माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, माझ्यावर हसला. त्याच क्षणी निंगप्पा समोर असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

"त्याला कधी कळलं?" सरांनी विचारलं.

इथं तिचं इंग्रजी संपलं. ती मराठीवर आली. "न्हाय सर. त्येंना वाटायचं, डब्याबरूबर पुडी असतीच. जशी होडीत फडकं असतंच. त्येंच्या जोडीदाराच्या मुलीच्या बारशाला गेले व्हते मी. तितं जोडीदार म्हनले, वहिनी, तुमची पुडी खाल्ल्याबिगर माजं अन्न पचत न्हाय. तवा मला कळलं की अकरा वर्षं पुडी कुनाच्या पोटात गेली. दुसऱ्या दिवशीपासनं बांधली न्हाय. म्हनलं, बगू, इचारत्यात का. आठ दिस बगितलं. मग म्हयना. न्हाय इचारलं."

सर वहीत काहीतरी टिपून घेत होते. "छान," ते म्हणाले. "पण ही नुसती एक बाई, एक माणूस, असं लिहू नका. पेपरात नाव द्या. त्या माणसाचं नाव काय?"

ती कागदाची घडी करत म्हणाली, "नाव कसं घेऊ सर? आमच्यात घेत न्हाईत."

आधी पुढच्या बाकावरच्या बायकांना कळलं. त्या हसल्या आणि एकेक करून मागं वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मग प्रियंकाला कळलं, ती तोंडावर हात ठेवून बघत राहिली. सरांना कळलं. सगळ्यात शेवटी मला.

मी बाकावरच्या खिळ्याकडं बघत बसलो. तो थोडा वर आला होता, हातोडीच्या एका टोल्यात बसला असता. मला तो दिवस आठवला. निंगप्पानं विचारलं होतं, "आज पुडी न्हाय?" आणि मी डब्यातून तोंड वर न काढता म्हणालो होतो, "संपली आसंल."

"मग काय," सर हळूच म्हणाले, "वाया गेलं का ते प्रेम?"

"वाया कशाला?" ती म्हणाली. "निंगप्पा भावजींचं पोट बरं ऱ्हायलं की."

वर्ग हसला. मीही हसायचा प्रयत्न केला.

घरी जाताना ती मागं बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "डिकीतली डिक्शनरी काडा आता. परीक्षा जवळ आलीया."

"तुला कवापासनं म्हाईत?"

"डिकीत मी रोज भाजी ठेवती. मला दिसनार न्हाय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बगत व्हते, तुमी कुटवर जाताय." थोड्या वेळानं म्हणाली, "लिंबू सरबत चांगलं असतं म्हनं त्येच्या दुकानात. भावाचा फोन आल्ता."

मला खूप विचारायचं होतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. घरापाशी आल्यावर गाडी स्टँडवर लावता लावता मी तिच्याकडं न बघता विचारलं, "आन् आता?"

"आता काय?"

"आता हाय का... तसलं कायतरी?"

तिनं खरंच विचार केला. थट्टा केली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "आता अब्यास हाय," आणि कुलूप उघडून आत गेली.

तेव्हापासून मला एका माणसाचा हेवा वाटतो आणि तो जात नाही. अठ्ठावीस वर्षांचा आहे तो, हाताला ग्रीस, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये बाकावर बसून डबा खातो. त्याच्यासाठी एक पोरगी कोरा कागद शोधते, ओवा वेगळा भाजते, कारण बडीशेपेबरोबर भाजला तर करपतो. ती त्याची वाट बघते, त्यानं एकदा विचारावं म्हणून. आणि तो गाढव डबा उघडतो आणि पुडी शेजाऱ्याकडं सरकवतो. शिवपुत्रवर, निंगप्पावर, त्या होडीवाल्यावर मी जेवढा जळलो त्याच्या दसपट मी त्याच्यावर जळतो, कारण बाकीच्यांना काही मिळालंच नव्हतं.

डिक्शनरी मी पुसून फळीवर ठेवली. मग बाजारातून बडीशेप आणली, ओवा, धनाडाळ आणली. ही प्रियंकाकडं गेली की भाजायचो. पहिली खेप करपली, ती पिशवीत बांधून लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो. दुसऱ्या खेपेला वेगवेगळं भाजलं. खोबरं किसताना बोट कापलं, पण जमलं. दिग्विजयच्या जुन्या वहीतला कोरा कागद घेतला, पुडी बांधली. पुडी बांधायला अवघड असते, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. तीनदा सुटली.

पहिल्या पेपरच्या दिवशी तिच्या पिशवीत हॉल तिकीट, दोन पेनं, पाण्याची बाटली होती. मी बाटलीखाली पुडी सारली आणि काही बोललो नाही. तिला केंद्रावर सोडलं. तीन तास टपरीवर बसलो. पेपर हातात होता, पण त्यात काय छापलंय ते मला आजही सांगता येणार नाही.

पेपर सुटला. दोघी बोलत बोलत बाहेर आल्या, कुठल्या प्रश्नाला काय लिहिलं ते. होडीवाल्यावर पंधरा मार्कांचा प्रश्न आला होता म्हणे. प्रियंका माझ्याकडं बघून हसली.

"काका, बडीशेप काय भारी होती हो. मला सकाळपासून मळमळत होतं, काकूंनी दिली, एकदम बरं वाटलं."

मी हिच्याकडं बघितलं. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती.

"व्हय, पिशवीत कसली पुडी व्हती," ती म्हणाली. "वान्यानं सामानाबरूबर टाकली असंल. सगळी हिलाच दिली."

तिच्या तोंडावरून मला काहीही कळेना, हसू होतं की नव्हतं. ती मागं बसली आणि म्हणाली, चला. मी स्कूटर सुरू केली. अजून तीन पेपर बाकी होते.